‘बारव’च्या अक्षरांविषयी : मित्रास पत्र

पुणे,
दि. ९ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले ‘बारव’च्या पोस्टरचे तीन नमुने आणि पहिल्या अर्ध्या तासाचे कच्चे संकलन मी नीट पाहिले. चित्रपटाविषयी भेटीत सविस्तर बोलूच. तूर्त एवढेच सांगतो की गावातली भर दुपार तू ज्या निवांतपणे दाखवली आहेस, तिच्यामुळेच कॅमेरा बारवेच्या, म्हणजे त्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, पहिल्या पायरीवर पोहोचेपर्यंत मी अस्वस्थ होऊन बसलो होतो. हे पत्र मात्र केवळ अक्षरांविषयी आहे, कारण तुझे आणि निर्मात्यांचे त्यावरच अडले आहे आणि पोस्टर छपाईला द्यायची वेळ जवळ आली आहे, असे तू लिहिले आहेस.

तिन्ही नमुन्यांत अक्षरे लाल आहेत आणि तिन्हींत ती ओघळत आहेत. हा चित्रपट भयपट आहे हे रस्त्यापलीकडून पाहणाऱ्यालाही कळले पाहिजे, हे निर्मात्यांचे म्हणणे मला मुळीच चुकीचे वाटत नाही. ज्याने पैसे घातले आहेत त्याला ही काळजी असणारच, आणि हिंदी भयपटांच्या हाताने रंगवलेल्या पोस्टरांवर वाढलेल्या आपल्या पिढीला तर लाल ओघळ दिसला की काय पाहायला मिळणार हे लगेच उमगते. माझी हरकत अभिरुचीची नाही, लिपीची आहे. रोमन लिपीतली कॅपिटल अक्षरे जमिनीवर उभी असतात आणि त्यांच्या पायांखाली लिहिण्याजोगे काही नसते. त्यामुळे तेथे रक्त सांडले तरी शब्द जसाच्या तसा वाचता येतो. आपल्याकडे अक्षराखालची जागा रिकामी नाही. तेथे उकार लागतात, ऋकार लागतो, पाय मोडल्याची खूण तेथेच येते. तुझ्या दुसऱ्या नमुन्यात ‘ब’च्या दांड्याखालचा ओघळ उजवीकडे वळला आहे आणि त्याचा चक्क पाय मोडला गेला आहे, ‘र’खाली जो टपोरा थेंब पडला आहे, त्याने त्या ‘र’चा ‘ऱ’ केला आहे, जो आपण एरवी दक्षिणेकडची नावे लिहिताना वापरतो. चित्रकाराला तो थेंब सजावट वाटला असेल, पण देवनागरी वाचणारा डोळा अक्षराखाली आलेली प्रत्येक खूण वाचल्याशिवाय पुढे जात नाही. घाबरायच्या क्षणी प्रेक्षक शब्द जुळवत बसला तर त्या लाल रंगाचा उपयोग काय?

त्यापेक्षा तुझ्या शीर्षकाकडेच जरा बारकाईने पाहा, कारण नाव ठेवताना तू नकळत मोठी सोय करून ठेवली आहेस. ‘बारव’ या शब्दात वेलांटी नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही, रफार नाही. शिरोरेखेच्या वर काहीही नाही. जे आहे ते सारे रेषेखाली लोंबते आहे. मराठी चित्रपटांच्या नावांत हे सहसा जुळून येत नाही. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात आणि आपली शिरोरेखेला टांगलेली असतात, हे अक्षरे शिकवताना सगळेच सांगतात. पण येथे ती गोष्ट थेट चित्रपटाच्या विषयाला भिडते. शिरोरेखा ही शिवाराची जमीन आहे आणि तिच्याखाली विहीर आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पोस्टरवर ही रेषा शब्दापुरती ठेवू नये; ती कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरळ जाऊ द्यावी. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे जोडत, तेव्हा हा प्रकार आपल्या हाताला परका नाही. रेषेच्या वर तुझे ते पांढरे पडलेले दुपारचे आकाश आणि करडईचे रान, रेषेखाली बारवेचा अंधार, आणि त्या अंधारात उतरलेली तीन उभी दगडी अक्षरे. इतके झाले की भयपट असल्याचे सांगायला रक्त लागत नाही, आणि लांबूनही ते कळते.

आता एक खाचखळगा. तिसऱ्या नमुन्यात अक्षरे इतकी दाटून बसवली आहेत की मी पहिल्यांदा तो शब्द ‘बाख’ असा वाचला, आणि कोणा जर्मन संगीतकारावरचा चित्रपट आहे की काय असे क्षणभर वाटले. हसू नकोस, हा आपल्या लिपीतला जुना पेच आहे. जुन्या छपाईत ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखाच दिसे, आणि हा घोळ मिटावा म्हणूनच प्रमाणीकरणात ‘ख’मधल्या ‘र’ची शेपटी खालून ‘व’ला जोडण्यात आली. तुझ्या शीर्षकाची शेवटची दोन अक्षरे नेमकी ‘र’ आणि ‘व’ आहेत. जुन्या वळणाचा टाइप घेतला, आणि तो घ्यावा असेच मी पुढे सांगणार आहे, तर ही अडचण आणखी वाढेल. उपाय अंतराचा आहे : ‘र’ आणि ‘व’ यांच्यामध्ये नेहमीपेक्षा बरीच जास्त जागा सोडायची आणि ‘र’ची शेपटी थोडी आखूड ठेवायची. रोमन अक्षरांत एवढी फट सोडली असती तर शब्द मोडला असता; आपल्याकडे शिरोरेखा तो धरून ठेवते. शिवाय मोकळ्या जागेत पायऱ्यांचा फोटो दिसू लागतो, हा वरचा लाभ.

दुसरी गंमत ‘ब’ आणि ‘व’ यांची. शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच देहाचे आहे. फरक फक्त पोटातल्या तिरप्या रेघेचा. संगणकावर तुझे शीर्षक मोठे करून मी ती रेघ पुसून पाहिली, तेव्हा पडद्यावर ‘वारव’ असा निरर्थक शब्द उभा राहिला आणि तो मला भलताच आवडला. चित्रपटाच्या आरंभी शीर्षक येईल तेव्हा ते असेच यावे : आधी पडदाभर शिरोरेखा, मग तिच्यातून खाली उतरणारे दंड, मग वाटोळी पोटे, आणि प्रेक्षक तो शब्द लावण्याच्या प्रयत्नात असताना अगदी शेवटी, आवाज न करता, पहिल्या अक्षराच्या पोटात ती एक रेघ. कापल्यासारखी नको, हळू, जणू आतूनच उमटावी तशी.

ही कल्पना पूर्णपणे माझी आहे असे मी म्हणणार नाही, कारण रिचर्ड ग्रीनबर्ग यांनी १९७९ च्या ‘एलियन’साठी केलेली आरंभीची श्रेयनामावली माझ्या मनात आहेच. तेथे अवकाशातल्या ग्रहावरून कॅमेरा सरकत असताना पडद्याच्या माथ्यावर दूरदूर ठेवलेल्या नुसत्या रेघा उमटत जातात. त्या अक्षरांच्या आहेत हे कळायला वेळ लागतो, आणि पूर्ण शब्द तयार होईपर्यंत प्रेक्षक आपण होऊन पुढे सरकून बसलेला असतो. अक्षरे स्वतः अत्यंत साधी, कुठल्याही कार्यालयाच्या पाटीवर शोभतील अशी आहेत. टोनी पॅलाडिनो यांनी ‘सायको’ कादंबरीच्या वेष्टनासाठी केलेले अक्षरलेखनही असेच : ठसठशीत सरळ अक्षरे, फक्त मध्ये आडवी चिरलेली आणि जागेवरून सरकलेली. १९६० च्या चित्रपटासाठी तेच अक्षरलेखन विकत घेण्यात आले, आणि सॉल बास यांच्या नामावलीतही शब्द तसेच तुटून सरकतात. १९६८ च्या ‘रोझमेरीज बेबी’चे तर विचारूच नकोस. न्यूयॉर्कच्या छपरांवरून फिरणाऱ्या दृश्यावर नाजूक वळणाची गुलाबी अक्षरे, आणि मागे अंगाईगीत. लग्नपत्रिकेवर चालतील अशी ती अक्षरे आहेत आणि त्यामुळेच पुढे काय वाढून ठेवले आहे याची शंका येत राहते. या तिघांत मला एकच गोष्ट दिसते : अक्षर स्वतः घाबरलेले नाही. ते नेहमीचे, विश्वासातले आहे, आणि त्यात एकच काहीतरी बिनसले आहे. अक्षरच किंचाळू लागले तर प्रेक्षकाला घाबरायला काही उरत नाही. माझा सारा आग्रह एवढ्यावरच उभा आहे, आणि टाइपची निवडही त्यातूनच ठरावी असे मला वाटते.

मग मराठी माणसाच्या विश्वासातले अक्षर कोणते? मला विचारशील तर पंचांगाचे, आरतीसंग्रहाचे, पोथीच्या छापील प्रतीचे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांनी, आपल्या डोळ्यांना जे वळण लावले, ते अजून पुसलेले नाही : भरदार अंग, बोरूच्या तिरप्या कापामुळे येणारा जाड-बारीक भेद, आणि ऐसपैस पोटे. तुझ्या चित्रपटातली आजी ज्या पोथीत बारवेचा उल्लेख शोधते, ती पोथी याच वळणात छापलेली असणार. तेच अक्षर शीर्षकात आले तर आजीच्या मांडीवरचे पान आणि पोस्टर यांचा धागा न सांगता जुळतो.

इतर पर्यायही मी ताडून पाहिले, कारण तू त्यांची नावे लिहिली होतीस. ‘जैनी’ हा ‘एक टाइप’ या संस्थेचा फाँट कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या वळणावरून केलेला आहे आणि तो देखणा आहे यात वाद नाही. पण त्यात ‘बारव’ लिहिले की एखाद्या पौराणिक मालिकेचे नाव वाटते, आणि प्रेक्षक शंखध्वनीची वाट पाहू लागतो. ‘खंड’ आणि ‘टेको’ यांची उंच, चिंचोळी अक्षरे मारधाडीच्या चित्रपटाला द्यावीत. ‘रोझा वन’मधला जाड-बारीक भेद मोठ्या आकारात फार सुरेख दिसतो, परंतु त्याचा तोरा मासिकाच्या मुखपृष्ठाचा आहे. ‘मोदक’ने मात्र मला खरोखर मोहात पाडले होते. तो इतका लठ्ठ आहे की अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागेच्या नुसत्या फटी उरतात, आणि काळ्यावर पांढऱ्याने लिहून पाहिले तर त्या फटींतून कोणी बघत असल्यासारखे वाटते. दुसरा एखादा, थोडा विनोदी अंगाचा भयपट असता तर मी त्याच्यासाठी भांडलो असतो. ‘बारव’ला तो चालणार नाही, तुझ्या चित्रपटात थट्टेला जागाच नाही.

शीर्षकापुरता कोणताच फाँट जसाच्या तसा घेऊ नये, असे माझे मत आहे. चार खुणांचाच तर शब्द आहे, त्यातल्या दोन जवळपास सारख्या. तो हातानेच काढावा. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा पुस्तकी वळणाचा फाँट खाली ठेवून मी त्यावर बोरूने कित्ता गिरवल्यासारखा शब्द लिहून पाहीन, नंतर त्याची कड दगडाच्या कडेइतपत खडबडीत करीन, आणि तेथेच थांबेन. तू फोनवर म्हणाला होतास की अक्षरांच्या अंगात पायऱ्या खोदता येतील. येतील, पण खोदू नयेत. नाटकाच्या जाहिरातींतून कमल शेडगे यांनी शब्दाचा अर्थ अक्षरातच दाखवण्याची जी रीत मराठीत रुजवली, तिचा मी लहानपणापासून भक्त आहे, आणि २०२० साली ते गेले तेव्हा आमच्या व्यवसायातले एक मोठे पर्व संपले असे वाटले. परंतु वर्तमानपत्रातल्या दोन स्तंभांच्या जाहिरातीला चित्राचा आधार नसे. सारा भार अक्षरालाच वाहावा लागे. तुझ्या पोस्टरवर खऱ्या बारवेचा फोटो आहे. पायऱ्या फोटोत असताना अक्षरांतही पायऱ्या काढणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे होय.

बिनसलेली ती एक गोष्ट पोस्टरवर कोणती असावी, याचाही विचार केला आहे. पडद्यावर रेघ उशिरा येते. कागदावर वेळ नसतो. तेथे ‘ब’च्या पोटातली रेघ खालच्या टोकाला किंचित बाहेर यावी, पोटाची वाटोळी भिंत ओलांडून, केसभर. दहांतल्या नऊ जणांच्या लक्षात येणार नाही. रंगाने ती उठवू नये. तिला शेंदरी करावी असे तुझ्या चित्रकाराने सुचवल्याचे तू लिहितोस, पण शेंदूर देवकोष्टकातल्या मूर्तीवर आहे तेवढा पुरे. सगळी अक्षरे चुनखडीच्या मळकट पांढऱ्या रंगाची असू देत.

नामावलीसाठी मात्र हाताने लिहिण्याचा हट्ट नको. तेथे सरळ, न मिरवणारा, अनेक वजनांत, म्हणजे जाड-बारीक रूपांत, मिळणारा फाँट हवा, आणि ‘मुक्त’ त्याला पुरतो. तो खुल्या परवान्याचा असल्यामुळे पोस्टर, ट्रेलर आणि चित्रपट यांसाठी वेगवेगळी परवानगी घ्यावी लागणार नाही. विकतचा फाँट घेणार असाल तर परवान्यात चित्रपटाचा उल्लेख आहे की नाही हे आधी वाचून घ्या. फाँट ठरवण्यापूर्वी तुमच्या यादीतली अवघड आडनावे त्यात टाइप करून पाहावीत : कुऱ्हाडे, गोऱ्हे, कुलकर्णी, शिंदे, क्षीरसागर. अर्धा ‘र’ नीट बसतो का, आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे येतात का, हे पाहायचे. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यात ही वळणे ठरवून दिलेली आहेत, तरी संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर पुष्कळदा हिंदी वळणाची अक्षरेच उमटतात. माणसाचे नाव पडद्यावर दोन-तीन सेकंद येते आणि त्याच्या घरचे सगळे ते पाहायला आलेले असतात. तेथे हेळसांड नको. पोस्टर जुळवणाऱ्याकडे जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फाँट असतील तर मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून अंतिम मजकूर छापील प्रतीशी ताडल्याशिवाय सोडू नका.

शेवटच्या नामावलीविषयी एक तांत्रिक गोष्ट, जी तुझ्या संकलकाला जरूर सांग. वर सरकणाऱ्या मजकुरात आडव्या बारीक रेषा थरथरतात, आणि आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर अशी रेषा असतेच. रोमन नामावलीला जो वेग चालतो तो आपल्याला चालेलच असे नाही. सेकंदाला २४ चौकटी धरून, मजकूर प्रत्येक चौकटीला पूर्ण पिक्सेलनेच सरकेल असा वेग ठरवावा. दोन किंवा तीन, अडीच कधीही नाही. फाँटचे वजनही अगदी बारीक घेऊ नये, म्हणजे शिरोरेखा एका पिक्सेलच्या आसपास येऊन लुकलुकणार नाही. वेग बसत नसेल तर नावे न सरकवता एकेक पान दाखवावे; मला स्वतःला तेच अधिक आवडते.

महोत्सवांसाठी रोमन लिपीतले नाव लागेल. ते मराठी शीर्षकाच्या निम्म्याहून लहान, खालच्या कोपऱ्यात आणि साध्या पुस्तकी टाइपमध्ये असावे. ‘ट्रॅजन’ तेवढा टाळ. रोममधल्या ट्रॅजनच्या स्तंभावरच्या शिलालेखावरून कॅरल ट्वॉम्बली यांनी १९८९ मध्ये केलेला तो टाइप अस्सल आहे, पण तो इतक्या पोस्टरांवर येऊन गेला आहे की आता तो कोणत्याच चित्रपटाचा राहिलेला नाही.

निर्मात्यांना हे पटवताना वाद घालू नकोस. ३० बाय ४० इंचांच्या कागदावर दोन्ही पोस्टरे छापून घे, त्यांच्याच कार्यालयाच्या समोरच्या भिंतीवर लाव, आणि रस्त्याच्या पलीकडून पाहायला सांग. नंतर तीच दोन्ही चित्रे त्यांच्या मोबाइलवर पाठव, कारण बहुतेक प्रेक्षक पोस्टर आधी अंगठ्याएवढेच पाहणार आहेत. त्या आकारात ओघळणाऱ्या अक्षरांचा लाल डाग होतो. कडेपासून कडेपर्यंत जाणारी पांढरी रेषा मात्र टिकते. एवढे करूनही त्यांना लाल रंगच हवा असेल तर शीर्षकाखालच्या त्या एका ओळीच्या वाक्याला तो देऊन टाक; शीर्षक राखले म्हणजे झाले.

मला तुझ्याकडून तीन गोष्टी लवकर हव्या आहेत : बारवेच्या काठावरून, जमिनीच्या पातळीला कॅमेरा ठेवून, ऐन दुपारी काढलेला फोटो, ज्यात काठ शक्य तितका सरळ आडवा येईल, श्रेयनामावलीतली सर्व नावे, ज्याची त्याने स्वतः तपासून दिलेली, आणि पडद्याचे प्रमाण रुंद ठेवणार आहात की नेहमीचे, कारण त्यावर शिरोरेखेची जाडी ठरेल. फोटो मिळाला की आठवड्याभरात हाताने लिहिलेले दोन-तीन कित्ते स्कॅन करून पाठवतो. ‘र’ आणि ‘व’मधले अंतर प्रत्येकात वेगळे ठेवीन, कोणते वाचायला सुखाचे वाटते ते चित्रपटाविषयी काही ठाऊक नसलेल्या दोन-चार माणसांना दाखवून कळव.

वहिनींना नमस्कार आणि लेकीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक